अर्धा कोयता

१० जून १९८६, मंगळवार

काल सोलापूरला नेलं. मांडी वाळली आहे हे मला माहीत होतं, पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ती दोन्ही हातांत धरून आबांना दाखवली तेव्हा मान वर करवेना. एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि मांडी बाईंच्या ओंजळीत मावते.

डॉक्टरांनी संधिवाताच्या गोळ्या बदलल्या आणि खाली व्यायामाच्या खोलीत पाठवलं. दवाखान्यात अशी खोली असते हे मला ठाऊक नव्हतं. तिथल्या बाईंचं आडनाव हिरेमठ. अंगानं बारीक, आवाज मोठा. आबांना म्हणाल्या, "तेराव्या वर्षापासून याला बाजेवर ठेवलंत?" आबा म्हणाले, "डाक्टरच म्हणले व्हते, हलवू नगा." "सूज होती तेव्हा म्हणाले असतील. सूज उतरल्यावर परत विचारलंत का?" आबांनी टोपी काढली, परत घातली.

बाईंचं म्हणणं असं — सांधे बिघडले ते बिघडले, पण सांध्याला धरून ठेवतं ते मांस. ते वाळलं की सगळा भार हाडांवर. म्हणून मांसाला ओझं द्यायचं, थोडं थोडं. आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करायचा. मग सायकलची जुनी ट्यूब बाजेच्या पायाला बांधून ओढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यापेक्षा जास्त दुखलं तर ओझं जास्त झालं असं समजून कमी करायचं. सुजलेल्या सांध्याला ओझं नाहीच.

आणि व्यायामाआधी गरम पाण्याचा शेक. गरम पाण्याचा! गावाचा आड दोन वर्षं कोरडा आहे.

११ जून

परवा व्यायामाच्या खोलीत भेटलेल्या इरम्माचं लिहायचं राहिलं. नळदुर्गची, चौदा वर्षांची. वडील ढाब्यावर आचारी आहेत. हाच आजार, पण तिचे गुडघे वाकले ते वाकलेच. तिची आई तिला कडेवर घेऊन आली होती. एवढी मोठी मुलगी कडेवर — मी दुसरीकडे बघत होतो. तीच बोलली.

"तुझी शाळा कितवीला सुटली?"

"आठवीला."

"माझी चौथीला. म्या जिंकले."

तिची आई म्हणाली, "गप गं." इरम्मा म्हणाली, "गपच असती की घरी. हितं तरी बोलू दे." मग माझी बोटं बघितली, आपली शेजारी धरली. "तुझी बरी हैत. तुला पेन धरता येतंय."

घरी येताना बसमध्ये तिचे गुडघे डोळ्यांसमोरून हलत नव्हते. मी पण तिकडेच चाललो आहे.

१४ जून, शनिवार

बलभीम मुकादम येऊन गेला. दसरा झाला की ऊसतोडीला टोळी निघणार, सांगलीकडच्या एका कारखान्याला. रानात काही उगवेल असं आता आबांनाही वाटत नाही. म्हणून औंदा जायचं ठरलं.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे जोडी — नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम घेत नाही. आई गेली तर माझं कोण करणार? सकाळी माझं सगळं अंग आखडलेलं असतं. बाजेवरून उठवायला दोन हात लागतात, ते आईचे. एकदा उभा राहिलो की काठीनं थोडं चालतो.

म्हणून आबा म्हणाले, "सत्यभामा येईल माझ्यासंगं. तेरा वर्षांची हाय. मोळी उचलती ती."

माझी धाकटी बहीण सत्यभामा परवाच आठवीत बसली आहे, मुरुमच्या शाळेत. आमच्या आळीतून तिथवर पोचलेली ती पहिलीच मुलगी. ती ज्वारी निवडत होती. निवडतच राहिली.

मी बोलून गेलो, "मी माझ्या हातानं उठलो आणि पाणी आणलं, तर?"

बलभीम हसला. आबा नाही हसले. म्हणाले, "टँकर येतो दुपारचा, तवा पोरगी शाळेत. तू चावडीपासनं घरापतुर एक कळशी आणून दाव. मग तुझी आई येती माझ्यासंगं आन् पोरगी राहती हितं तुझ्यापाशी."

माझं तोंड बंद करायला म्हणाले, हे मला कळतं. पण बलभीमसमोर म्हणाले.

१७ जून

पिशवी झाली. आबांच्या जुन्या धोतराची, सत्यभामानं शिवली. वाळू नदीची — नदीत दुसरं काही नाहीच. ती वजन करायला शांतलिंग दुकानदाराकडे घेऊन गेली. तो म्हणाला, "वाळू इकायला लागलाव काय गं? बराबर हाय, आता तेवढंच ऱ्हायलंय गावात." अर्धा किलो भरून आणली.

पहिल्यांदा पाय उचलला तर नुसता थरथरला. टाच बाजेवरून सुटलीच नाही. आई दारात उभी राहून बघत होती. "दुखणाईत लेकराला वजनं बांधायची — ही कुठली रीत? बैलाला बी लंगडा असला तर जुपत न्हाईत."

"आई, तूच त्याला बैल म्हणलीस," सत्यभामा म्हणाली.

आई चिडून आत गेली.

१८ जून

दुखलं. पण रोजच्याइतकंच.

२६ जून

आज पिशवी हलकी वाटली. आनंद झाला. मग शिवण बघितली — उसवून पुन्हा घातलेली, टाके वेगळे. आईनं निम्मी वाळू काढून टाकली आहे. विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं." सत्यभामानं परत भरली.

७ जुलै, सोमवार

पाऊस नाही. ढग येतात आणि मुरुमवरून पुढं जातात.

डेअरी बंद झाली. सकाळी मी तिथं काठी टेकत जाऊन नावं आणि लिटर लिहायला बसत होतो, महिन्याला थोडंफार मिळत होतं. म्हशी छावणीला गेल्या, कुणी विकल्या. काल चार माणसं आली, मापात तळाला दूध. चेअरमन म्हणाले, "उत्तरेश्वर, तुझं अक्षर लई चांगलं हाय रे. पर लिहायचं काय?"

आता दिवसभर बाज आणि मी. व्यायामाला वेळच वेळ आहे. पण बाईंनी सांगितलंय, वेळ आहे म्हणून जास्त करायचं नाही.

१९ जुलै

मांडीला दोरा गुंडाळून बघितला. बाईंनी जूनमध्ये मांडीच्या मापाला दोऱ्याला गाठ मारून दिली होती. गाठ तिथंच येते. इतके दिवस झाले. कशासाठी करतो आहे?

सत्यभामा विचारते, "गाठ सरकली का?" मी म्हणतो, "जराशी." खोटं.

२५ जुलै

नाही सरकली.

१० ऑगस्ट, रविवार

काल नागपंचमी. बायका फेर धरायला गेल्या, आईपण गेली. सकाळची वेळ. मला बाहेर जायचं होतं. हाक मारली, कुणी नव्हतं. बाजेची कड धरली, पाय खाली टेकवले, दोन्ही मांड्या दाबल्या — त्या गुंडाळीवर दाबतो तशा — आणि उभा राहिलो. घामानं सदरा भिजला. पण उभा होतो.

आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना. "कशाला धरलंस? कोण व्हतं?" कुणी नव्हतं म्हटलं. ती माझ्या गुडघ्यांना हात लावून बघत होती, कुठं मोडलंय का ते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल सोलापूर. दोऱ्याची गाठ सरकली आहे. बाईंनी मला दाखवली. करंगळीच्या नखाएवढी, पण सरकली. पिशवीत पाव किलो वाढवायला सांगितलं. कळशीचं सांगितलं तर बाईंनी माझं मनगट वाकवून बघितलं. मग म्हणाल्या, "खांद्यावर घे, मनगटावर भार देऊ नकोस. रिकामी घेऊन चालायला सुरुवात कर. आणि घाई करू नकोस. घाई केलीस तर सगळं परत जाईल."

"दसऱ्यापर्यंत होईल?"

"दसरा मला कशाला विचारतोस? गुडघ्याला विचार."

इरम्मा आली नव्हती. बाई म्हणाल्या, तिची आई म्हणते, भाडं कुठनं आणू. एवढंच.

३० ऑगस्ट

रिकामी कळशी खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या. एका हातात काठी. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय वरात निघाली का काय?" आई तिला म्हणाली, "तुमाला काय करायचंय." पहिल्यांदाच ती माझ्या बाजूनं बोलली.

४ सप्टेंबर, गुरुवार

पोळा, पण बैल छावणीत. आबा मातीचे करून आणतो म्हणाले, आणले नाहीत.

दुपारी म्हाळसाबाई आली. आळीत कुणाचं काही दुखलं तर हिलाच बोलावतात. पदराच्या गाठीत बिब्बे. म्हणाली, गुडघ्याला बिब्बा घातला की आतलं पाणी सुटतं आणि सांधा मोकळा होतो. तिच्या मावसभावाला गुण आला म्हणाली. मी नको म्हटलं. आई माझ्यापाशी बसली. "तू म्हणलास तसं म्या ऐकलं. वाळू बांधलीस, टूब बांधलीस, म्या काय म्हणले का? आता एवढं माझं ऐक. मला बी कायतरी करू दे की तुझ्यासाठी."

पाय पुढं केला. म्हाळसाबाईनं सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि दोन्ही गुडघ्यांना भोवतीनं तेलाचे ठिपके दिले. काळे, गोल, एका ओळीत. आई फुंकर घालत होती.

६ सप्टेंबर

बिब्बा उतला. गुडघ्यापासून खाली सगळं लाल, फोड आलेत. खाज आणि आग. झोप नाही.

९ सप्टेंबर

फोड फुटले. पिशवी बांधायची जागाच राहिली नाही. ट्यूब तर लांबच. दोन्ही गुडघे सुजले. सुजलेल्या सांध्याला ओझं नाही — बाईंचं वाक्य. आई खोबरेल लावते आणि माझ्याकडे बघत नाही. म्हाळसाबाई म्हणाली, "आतलं सगळं बाहेर निघतंय, चांगलं हाय." आईनं तिला दारातून परत लावलं.

१२ सप्टेंबर

सकाळी पुन्हा आईच्या दोन हातांनी उठलो.

१४ सप्टेंबर

आई जेवत नाही. आबा म्हणाले, "आगं, माणूस मेला का हितं?" ती म्हणाली, "माझ्या हातानं झालं." आबा म्हणाले, "तुझ्या हातानं काय झालं? व्हायाचंच व्हतं." व्हायचंच होतं! म्हणजे मला जमेल असं आबांनी कधी धरलंच नव्हतं.

मला आईचा राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

खपल्या धरल्या. सूज निम्मी उतरली. आज गुंडाळी ठेवून दाबलं. मांडीत काही नाही — पाण्यात हात घालावा तसं. दोरा बांधला. गाठ जूनपेक्षा मागे आहे.

दसरा बारा तारखेला. करून काय उपयोग? पण सत्यभामा शाळेतून आली की आधी माझ्याकडेच बघते, दप्तर ठेवायच्या आधी.

आई आज म्हणाली, "आज ते करायचं न्हाय का?" केलं म्हटलं. "म्या न्हाय बघितलं." मग तिच्यासमोर पुन्हा केलं. ती शेवटपर्यंत बसून होती.

१ ऑक्टोबर

पिशवी. सोसली.

३ ऑक्टोबर

पाव किलो वाढवली. बाईंनी आठवड्यानं वाढवायला सांगितलं होतं. आठवडे कुठून आणू?

५ ऑक्टोबर

आणखी पाव. सकाळी जास्त दुखलं. कुणाला सांगितलं नाही. गोळी एक जास्त घेतली.

७ ऑक्टोबर

भरलेली कळशी अंगणातून ओट्यापर्यंत नेली! सत्यभामा शाळेत होती, आईनं बघितलं. ती म्हणाली, "खाली ठेव आता." मी परत उलटी नेली. ती म्हणाली, "बास की रे." पाय कापत होते ते तिला दिसत होतं.

८ ऑक्टोबर

उजवा गुडघा भरला. हात लावला तर गरम. आबांना दिसू नये म्हणून पांघरूण घेऊन बसलो. मनगटंही. पेन धरवत नाही, अक्षर बघवत नाही.

११ ऑक्टोबर

अंगात कणकण. सत्यभामाची सहामाही सुरू. गणित बरं गेलं म्हणते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज झालं.

दुपारी टँकर आला. बलभीम आबांबरोबर चावडीवर बसला होता. गुरुवारी पहाटे टोळी निघणार म्हणून नावं पक्की करत होता. मी काठी घेऊन गेलो. आई मागं मागं येत होती. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उत्तरेश्वर. ताप हाय तुला." मी म्हटलं, तुम्ही म्हणाला होता. ते उठून बाजूला उभे राहिले.

बायकांनी मला रांगेत पुढं घेतलं. कळशी भरली, आईनं खांद्यावर चढवून दिली. निघालो. मारुतीच्या देवळापर्यंत बरं चाललं. डावा पाय पुढं, उजवा नुसता ओढत. आबा बरोबरीनं चालत होते, हात माझ्या कोपराखाली — पण लावला नाही. वळणावर उजवा गुडघा आतून सुटला. मी बसलो. पडलो नाही, बसलो. कळशी सुटली.

पाणी सगळं फुफाट्यात गेलं. रस्ता केवढा काळा झाला. बायका पाण्याकडे बघत होत्या, माझ्याकडे कुणी नाही. एक जण हळूच म्हणाली, "एक कळशी गेली की गं." कुणीच तिला गप्प केलं नाही, आणि बरोबर होतं तिचं.

आबांनी कळशी उचलली. आईनं मला उचललं. बलभीम काही वाईट माणूस नाही. आबांना हळूच म्हणाला, "मग दगडोबा, पोरीचं नाव धरतो."

आबा व्हय म्हणाले.

१४ ऑक्टोबर

सत्यभामानं पुस्तकांना वर्तमानपत्र गुंडाळून पेटीत ठेवली. गुरुवारपासूनचे उरलेले दोन पेपर देणार नाही. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "दादा, म्या रडत न्हाय. तू बी रडू नगंस." नंतर म्हणाली, "तिकडं कारखान्यावर शाळा असती म्हणं." असते का, मला माहीत नाही. असेल म्हटलं.

दिवसभर तिचं गाठोडं बांधायचं चाललं होतं. आईनं आपल्या लुगड्याचे दोन तुकडे करून तिला चुंबळीसाठी दिले, डोक्याला मोळी रुतू नये म्हणून. बांधताना आई एकदा थांबली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, केस बाजूला करून बघितलं, जणू तिथं काही लागलंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्या पहाटे ट्रॅक्टर. आज पाय उचलला नाही. आता कशाला उचलायचा? इरम्माचे गुडघेही असेच एका दिवसात वाकले नसतील. कुणीतरी एक दिवस सोडून दिलं असेल.

आई संध्याकाळपासून माझ्याशी बोलली नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अंधारात ट्रॅक्टरचा आवाज आला. माणसं, भांडी, कुणाचं तरी पोर रडत होतं. मी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. आवाज दूर गेला तरी वळलो नाही. आई येऊन उठवील म्हणून पडून होतो.

उजाडल्यावर सत्यभामा आत आली.

म्हणाली, "म्या चढून बसले व्हते. आईनं मला दंडाला धरून खाली उतरवलं आन् आपण चढली. माझंच गाठोडं घेऊन गेली. आबा नुसतं बघत ऱ्हायले."

मी हात पुढं केला. ती जागची हलली नाही.

"आई सांगून गेलीया — दादाला हात देऊ नगंस. कितीबी वेळ लागू दे."

ती दारात उभी राहिली, हात मागं बांधून. मी उभा राहिलो तेव्हा ऊन आत आलं होतं. तिला पेपरला उशीर झाला असणार. पण ती शाळेत गेली.